टिटवी घेतली तेव्हा

“आता हा तुमचा नवरा,” असं म्हणून मंदाताईंनी केशरी रंगाचा प्लास्टिकचा कॅन उचलला आणि समुद्रात भिरकावला. “आणा याला परत.”

कॅन निम्मा पाण्यानं भरलेला होता आणि त्याला एक जुनं लाइफजॅकेट बांधलेलं होतं. लाटेवर तो एकदा वर आला, कलंडला आणि भराभर मागं पडायला लागला. माझ्या हातात सुकाणूचा लाकडी दांडा होता. तो धरायला शिकून मला पुरता तासही झाला नव्हता.

“इंजिन सुरू करू?” मी विचारलं.

“नाही. पाण्यात माणूस असताना पंखा फिरवायचा नाही. शिडावर आणायचा.” मग त्या चीफकडं वळल्या. “साहेब, तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही आत्ता पाण्यात आहात.”

चीफ हसले. पण ते हसणं मला ओळखीचं होतं. ते चिडले होते.

चीफ म्हणजे माझे यजमान. मालवाहू जहाजांवर पस्तीस वर्षं नोकरी, शेवटची चौदा चीफ इंजिनिअर. जहाजावरची माणसं घरी यायची ती ‘चीफ, चीफ’ करायची, तेव्हापासून मीही तेच म्हणायला लागले. वर्षातले आठ-नऊ महिने ते पाण्यावर आणि मी कोल्हापुरात. मी एसटीत होते, वाहतूक नियंत्रक. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायच्या, उशिरा आलेल्या ड्रायव्हरशी भांडायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन एकटीनं मुलगी वाढवायची. दोघंही निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात चीफनी विषय काढला. शिडाची बोट घेऊ. तिच्यावरच राहू, तू आणि मी. पावसाळ्याचे चार महिने जमिनीवर, बाकी सगळे पाण्यावर. मला वाटलं, उतरेल हे खूळ. उतरलं नाही. उलट दिवसेंदिवस त्यांची घाई वाढत गेली.

दीड वर्षात आम्ही पाच बोटी पाहिल्या. कोचीत दोन, मुंबईत एक, गोव्यात दोन. गोव्यातली शेवटची त्यांच्या मनात भरली होती. बेचाळीस फूट लांब, आत दोन खोल्या, फ्रिज, गरम पाण्याचा नळ. परवा त्या लोकांना होकार कळवायचा होता. देवगडची ही सहावी बोट मी बघायला लावली होती, जाहिरातीतल्या एका ओळीमुळं : ‘दोन म्हाताऱ्यांनी सात वर्षं वापरलेली.’ तिचं नाव टिटवी. तीस फूट. एक डोलकाठी, दोन शिडं, आणि आत एवढीशी जागा, की एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याला विचारूनच बदलायची.

टिटवीचे मालक सबनीस साहेब, मंदाताईंचे यजमान, नौदलातून निवृत्त झालेले. खुब्याचं हाड मोडल्यामुळं ते वर टेकडीवरच्या भाड्याच्या घरात होते, व्हरांड्यात दुर्बीण घेऊन बसलेले. बोट दाखवायला मंदाताई आल्या होत्या. सत्तरीची, काटकुळी बाई, पांढऱ्या केसांचा बॉयकट, अनवाणी. बंदराच्या बाहेर आल्यावर त्यांनी मला शीड कसं ओढायचं, दोर कुठं अडकवायचा, दांडा इकडं लोटला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, तिकडं कशी जाते, सगळं दाखवलं. चीफना काहीच दाखवलं नाही. आणि मग हा कॅन.

“हिला थांबवायचं कसं ते लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या. “हिला ब्रेक नाही. तोंड वाऱ्याकडं केलं की शिडं फडफडतात आणि ही थांबते. म्हणून माणूस आणि वारा दोन्ही समोर ठेवून यायचं. बरोबर त्याच्यापाशी थांबली पाहिजे.”

फेब्रुवारीची दुपार होती. तीन वाजून गेले होते आणि वायव्येचा वारा भरायला लागला होता. मी टिटवी वळवली. ती एका अंगावर झुकली. कॅन दिसत होता, पुन्हा लाटेमागं जात होता. मी त्याच्याकडं निघाले ती इतक्या वेगात, की तो बाजूनं सुर्रकन निघून गेला आणि मंदाताईंच्या हातातला हूक त्याला लागलासुद्धा नाही.

“गेले साहेब,” मंदाताई म्हणाल्या. “पुन्हा.”

दुसऱ्या वेळी टिटवी कॅनच्या बरीच अलीकडं थांबली. शिडं फडफडली आणि वारा आम्हाला मागं ढकलत गेला. मंदाताईंनी माझ्याकडं पाहिलं. “हं,” एवढंच म्हणाल्या.

“झालं ना आता?” चीफ म्हणाले. “बाई, तिला हे यायची काय गरज आहे? मी आहे की.”

“तुम्ही पाण्यात आहात, साहेब.”

“हे मी ऐकलं.”

“निवतीजवळ आमचे हे पाण्यात पडले,” मंदाताई चढ्या आवाजात म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडं. “पाच वर्षं बोटीवर राहून मी शिकले काय होते? स्वयंपाक आणि नांगर टाकणं. बाकी हे आहेत की! चाळीस मिनिटं लागली मला त्यांच्यापाशी पोचायला. वर ओढून घेताना खुबा मोडला. नंतर दोन वर्षं मी एकटीनं हेच करत बसले, याच कॅनबरोबर. टिटवी मी विकणार आहे, पण ज्या बाईला आपला माणूस परत आणता येतो, तिलाच. हवं तर गोव्याची घ्या, मोठी आहे.”

मी तिसऱ्यांदा वळले. कॅन आता इतका लांब गेला होता, की केशरी टिकलीएवढा दिसत होता. या वेळी मी त्याच्याकडं थेट गेले नाही. लांबून वळसा घेतला, वाऱ्याच्या दिशेनं त्याच्या खालच्या बाजूला गेले आणि वारा गालावर नीट लागल्यावर दांडा लोटला. शिडं फडफडली. टिटवी मंद होत होत गेली आणि कॅन अगदी दोन हातांवर आला. मंदाताईंनी हूक घालून तो वर घेतला. 

“छान,” त्या म्हणाल्या. “आता साहेब, तुम्ही.”

“मला नको.”

“का?”

“पस्तीस वर्षं काढलीत मी समुद्रावर.”

“इंजिनरूममध्ये,” मी म्हटलं. तोंडून निघून गेलं.

चीफनी माझ्याकडं पाहिलं, मग येऊन दांडा धरला. मी शिडाचा दोर घेतला. मंदाताईंनी कॅन पुन्हा फेकला, डाव्या बाजूला. “शालनताई, आता तुम्ही पाण्यात. बोलायचं नाही.”

बोट चीफनी माझ्यापेक्षा झकास वळवली. आधीच्या पाच बोटींवर हात सराईत झालेला होता, घाई नव्हती, वाऱ्याचा अंदाज नेमका होता. मला वाटलं, एका फेरीत आणतील आणि मग संध्याकाळभर ऐकवतील. पण वळून झाल्यावर त्यांनी नाळ सरळ धरली ती तशीच धरून ठेवली. कॅन डावीकडं होता. जवळच, लख्ख उन्हात. आम्ही त्याच्या बाजूनं गेलो आणि तो मागं पडला.

“कुठं गेला?” चीफ म्हणाले. “बुडाला का?”

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी तोंड उघडलं, पण मंदाताईंनी हात वर केला.

“बघा, साहेब. असेल तिथंच.”

त्यांनी मान फिरवायला सुरुवात केली. हळूहळू, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, टॉर्चचा झोत फिरवावा तशी. आणि तेवढ्यात मला ती होडी दिसली. छोटी मच्छिमार होडी, तिच्यात दोघं, एकजण वाकून जाळं ओढत होता. आमच्या डावीकडं, पन्नास पावलांवर, आणि टिटवी तिरकी तिच्याच अंगावर चालली होती. चीफ कॅन शोधत होते. त्यांची मान आता उजवीकडं होती.

“चीफ, डावीकडं!”

त्यांनी डावीकडं पाहिलं. होय, पाहिलं. मी त्यांचे डोळे बघत होते. त्यांची नजर होडीवरून निघून गेली.

“काय डावीकडं?”

होडीतला उभा राहून ओरडायला लागला. मी दोर सोडला आणि अंगानिशी दांड्यावर पडले. टिटवी गर्रकन वळली. शिडाखालचा आडवा दांडा सपकन एका बाजूनं दुसरीकडं आला. चीफ तसेच ताठ बसलेले. मंदाताईंनी त्यांच्या मानगुटीला धरून त्यांना खाली दाबलं नसतं तर तो त्यांच्या कानशिलातच बसला असता. होडी आमच्या अंगाला घासून गेली. तिच्या टोपलीतले बांगडेसुद्धा मला दिसले.

“डोळे फुटले काय रे तुजे?” तो होडीवाला मागून ओरडत होता. “एवढी होडी दिसणा नाय?”

मग होडी मागं पडली. टिटवी तोंड वाऱ्याकडं करून डुलत होती, शिडं फाडफाड वाजत होती. चीफ खाली बसलेले, मंदाताईंचा हात अजून त्यांच्या मानेवर.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला आणि उजवा हात बाजूला लांब केला, दोन बोटं उभी.

“किती?”

“शालन, पुरे.”

“किती बोटं?”

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी हात हळूहळू आत आणत गेले. खांद्याच्या रेषेपर्यंत आला, काही नाही. कानापर्यंत आला, काही नाही. माझ्या गालाला टेकला तेव्हा ते म्हणाले, “दोन.”

गेल्या दिवाळीपासून गाडी मीच चालवत होते, कारण त्यांचा गुडघा दुखत होता. जिन्यात ते माझ्या मागून उतरायचे, खांद्यावर हात ठेवून. मला आपलं वाटायचं, म्हातारपणी माया आलीय.

“कधीपासून?”

“अडीच वर्षं झाली कळून. काचबिंदू. बाजूचं गेलंय. मधलं राहील म्हणाले काही वर्षं. किती, ते सांगता येत नाही.”

“कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही.”

“औषध?”

“थेंब घालतो. बाथरूममध्ये.”

मंदाताई उठल्या आणि नाळेपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून बसल्या. तीस फुटांच्या बोटीवर यापेक्षा लांब जाता येत नाही.

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. “बेचाळीस फुटांची बोट घेणार होतात,” मी म्हटलं. “मला तिच्यावर बसवून भर समुद्रात नेणार होतात. मला पोळ्या करायला लावून स्वतः सुकाणू धरणार होतात. काही न दिसता! मी पडले असते तर? मी तुमच्या डाव्या बाजूला बुडत असते आणि तुम्ही विचारत बसला असता, बुडाली का म्हणून!”

मी त्यांचा खांदा धरून हलवला.

“का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

पटकन ‘हो’ म्हणून टाकावंसं वाटलं. बायका म्हणतात. मीही एरवी म्हटलं असतं.

“नसते आले,” मी म्हटलं.

“मग?”

“मग काय मग? आजसुद्धा मी मनानं आले नव्हते, चीफ. दुसरा फेरा मी मुद्दाम चुकवला.”

त्यांनी मान वर केली.

“अलीकडं थांबवली मी ती. येत होतं मला, पहिल्या फेरीतच कळलं होतं कुठं चुकलं ते. म्हटलं, तीनदा चुकलं की ही बाईच सांगेल, तुम्हाला नाही जमायचं. मग मी घरी, तुम्ही घरी. तुम्हाला नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून दीड वर्षं तुमच्याबरोबर बोटी बघत हिंडले. प्रत्येक बोटीत खोट काढायची आणि घरी आल्यावर देवापुढं साखर ठेवायची.”

“मग तिसऱ्यांदा का आणलास?”

“लांब गेला तो फार,” मी म्हटलं. “बघवेना.”

चीफनी तोंडावरून हात फिरवला. वारा त्यांच्या शर्टात भरत होता. मग ते जे बोलले ते इतकं हळू, की मला पुढं वाकावं लागलं.

“मी पस्तीस वर्षं समुद्रावर होतो, पण सगळी खाली. बारा तास त्या आवाजात, त्या गरमीत. मलाक्का, सुएझ, केप, सगळीकडून गेलो. काय पाहिलं विचारशील तर गेजचे काटे पाहिले. म्हटलं होतं, निवृत्त झाल्यावर बघू. आणि नेमकं निवृत्तीच्या तोंडावर हे.” ते थांबले. “तुला फसवलं. ते चूकच आहे. पण घाई याची होती.”

मी त्यांना माफ केलं नाही. असल्या गोष्टींना पाच मिनिटं पुरत नाहीत. पण लाटांवर टिटवी बाजूबाजूनं सरकत होती, वारा वाढला होता आणि बंदराचं तोंड लांब राहिलं होतं. कोणीतरी दांडा धरायला हवा होता.

मंदाताई नाळेवरूनच म्हणाल्या, “मला घाई नाही. पण कॅन चालला कारवारला.”

मी उभी राहिले. कॅन शोधला. होता, उन्हात चमकत होता.

“चीफ, मोठ्या शिडाचा दोर तुमच्याकडं,” मी म्हटलं. “डोळे मिटलेत तरी चालेल. मी सांगेन तेव्हा ओढायचा, सांगेन तेव्हा सोडायचा.”

“ऑर्डर?”

“ऑर्डरच.”

मी वळवली. वारा आता मघापेक्षा जोरात होता, पाणी आत उडत होतं. मी स्टँडवर ज्या आवाजात गाड्या पुकारायची त्या आवाजात ओरडत होते : “ओढा! अजून! बास! तसंच धरा!” आणि ते धरत होते. हातांनी बघत होते म्हणा ना. दोर जरा सैल पडला की मी सांगायच्या आधी त्यांच्या बोटांना कळत होतं. “आता सोडा!” दोर सुटला, शिडं फडफडली, टिटवी थांबली. कॅन त्यांच्याच बाजूला आला होता, हाताच्या अंतरावर. मंदाताई हूक घेऊन उठल्या, पण मी त्यांना खूण केली.

“चीफ, तुमच्या उजव्या हाताला. खाली. अजून खाली.”

ते पोटावर आडवे झाले, हात पाण्यात घातला, चाचपला. एकदा लाटच हाताला लागली. दुसऱ्यांदा लाइफजॅकेटचा पट्टा सापडला आणि त्यांनी तो कॅन आत ओढला. दोन्ही हातांत धरून तसेच बसले, भिजून चिंब.

मी टिटवी बंदरात आणली. नांगर टाकल्यावर मंदाताई मला म्हणाल्या, “तुम्हाला देईन मी ही. घ्याल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.”

लॉजवर गेल्यावर आम्ही भांडलो. आयुष्यात भांडलो नव्हतो तेवढे भांडलो. आठ-नऊ महिने लांब असणाऱ्या माणसाशी भांडायला फुरसत तरी कुठं मिळते? सकाळी चहाच्या वेळी मी अटी सांगितल्या. आधी डॉक्टर, आणि डॉक्टरांसमोर खुर्चीत मी. गोव्याच्या लोकांना नकार. मी एक हंगाम मंदाताईंकडं शिकणार. जमीन दिसेनाशी होईल इतकं लांब जायचं नाही. आणि यापुढं एकमेकांपासून काही लपवायचं नाही, चांगलं नाही की वाईट नाही.

“अजून?” चीफनी विचारलं.

“अजून आठवलं की सांगेन.”

मुलीला फोन केला. ऋता पुण्यात असते. आधी ती डोळ्यांचं ऐकून रडली, मग बोटीचं ऐकून ओरडायला लागली. “आई, वेड लागलंय का तुम्हाला? बाबांना दिसत नाही आणि तुम्ही बोटीवर राहणार?”

“मला दिसतं,” मी म्हटलं.

टिटवीवर आम्ही पावणेसहा वर्षं राहिलो. जून लागला की ती देवगडला किनाऱ्यावर ओढून झाकायची, ऑक्टोबरात पुन्हा पाण्यात. मालवण, वेंगुर्ला, गोवा, कारवार, परत. मी दोनदा ती वाळूत रुतवली, एकदा नांगर हरवला. चीफ सकाळी नाळेवर बसायचे आणि जे मधलं उरलं होतं त्यातून एका वेळी एकच गोष्ट बघायचे : एक खडक, एक पक्षी, एक माणूस जाळं विणताना. बराच वेळ बघायचे. मग दुसरी गोष्ट.

चौथ्या वर्षी, जानेवारीत, आम्ही कारवारजवळ एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून होतो. मी आत चहा करत होते. चीफ वरून म्हणाले, “शालन, आज धुकं फार पडलंय का?”

मी कप घेऊन वर आले. आकाश निळंशार होतं. बेटावरची नारळाची झाडं एकेक मोजता येत होती.

“हो,” मी म्हटलं. “आहे थोडं.”

कप त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसेपर्यंत धरून ठेवला. मग मला राहवेना.

“नाही, चीफ. धुकं नाही. ऊन पडलंय.”

त्यांनी चहा संपवला. सगळा, सावकाश. कप चाचपून बाजूला ठेवला आणि तोंड वळवलं, डावीकडं, उजवीकडं, गालावर वारा लागेपर्यंत.

“उत्तरेचा आहे,” ते म्हणाले. “शीड चढवू ना?”